'के' नावाच्या अक्षरामागचा माणूस : लुडविग बोल्ट्झमन



बारावीच्या भौतिकशास्त्रात वायूंचा गतिज सिद्धान्त शिकवायला घेतला की फळ्यावर एक छोटंसं अक्षर येतं, 'के'. हा बोल्ट्झमन स्थिरांक, असं आपण सांगतो आणि त्याची किंमत लिहून देतो. मुलं ती वहीत उतरवून तिच्याभोवती चौकट काढतात. मग आपण पुढच्या गणिताकडे वळतो. त्या अक्षरामागे एक माणूस होता हे सांगायला वेळ मिळतोच असं नाही.

मी काही वर्षं हा वेळ काढायचे, पण गोष्ट चुकीची सांगायचे. अणू असतात असं बोल्ट्झमन म्हणत होते, त्यांच्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही, ते खचले आणि त्यांनी आपलं जीवन संपवलं; पुढे लगेच अणू सिद्ध झाले, अशी ती गोष्ट. वर्ग अगदी शांत व्हायचा आणि मला वाटायचं, तास रंगला. एका वर्षी तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा थांबून राहिला. इतक्या मोठ्या माणसालासुद्धा कुणी समजून घेतलं नाही, तर बाकीच्यांनी काय करायचं, असं त्याने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी बोल्ट्झमन यांचं चरित्र नीट वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की आपली गोष्ट अर्धीच खरी आहे. आज जमेल तेवढी पूर्ण सांगते.

आधी हा 'के' काय आहे ते पाहू

आपल्याकडे पूर्वी धान्य पायलीने मोजायचे. आज आपण ते किलोने घेतो. पायलीचा हिशेब किलोत मांडायचा तर मध्ये एक दर लागतो : एका पायलीत किती किलो? तापमान आणि ऊर्जा यांचंही असंच आहे. तापमान आपण केल्विनमध्ये मोजतो, ऊर्जा ज्यूलमध्ये. या दोन मापांना जोडणारा दर म्हणजे 'के'.

पण एक मोठा फरक आहे बरं का. ज्वारीची पायली आणि बाजरीची पायली यांचं वजन सारखं भरेलच असं नाही. 'के' मात्र सगळ्यांसाठी एकच. हायड्रोजन घ्या, ऑक्सिजन घ्या, आपल्या वर्गातली हवा घ्या किंवा दूरच्या ताऱ्यातला वायू घ्या, दर बदलत नाही. त्याची किंमत आहे १.३८०६४९ गुणिले १० चा उणे २३ वा घात, ज्यूल प्रति केल्विन.

आकडा इतका लहान का? कारण हा दर एका रेणूसाठी आहे. वायू गरम असणं म्हणजे त्याचे रेणू जास्त वेगाने धावत असणं. एका रेणूची इकडून तिकडे धावण्याची सरासरी गतिज ऊर्जा किती, तर दीड गुणिले 'के' गुणिले केल्विनमधलं तापमान. वर्गात २७ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ३०० केल्विन तापमान असेल, तर ही ऊर्जा सुमारे ६.२ गुणिले १० चा उणे २१ वा घात इतके ज्यूल भरते. नगण्य वाटते ना? पण रेणू इतका हलका असतो की तेवढ्या ऊर्जेवर हवेतला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतो. आणि एक लिटर हवेत असे सुमारे २५ कोटी कोटी कोटी... नको, शून्यं मोजत बसायला नको. १० च्या २२ व्या घाताच्या घरात रेणू असतात एवढं लक्षात ठेवू.

म्हणजे 'के' हा एक पूल आहे. पुलाच्या अलीकडे आपल्या हाताला जाणवणारी ऊब, पलीकडे डोळ्यांना न दिसणारे रेणू. हा पूल बांधायला बोल्ट्झमन यांनी सगळं आयुष्य वेचलं, तेही पलीकडचा किनारा खरोखर आहे की नाही यावरच वाद चालू असताना.

लिंझमधला मुलगा

लुडविग बोल्ट्झमन यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरात झाला. वडील करखात्यात अधिकारी होते. त्यांच्या बदल्यांमुळे बालपण वेल्स आणि लिंझ या गावांत गेलं. सुरुवातीचं शिक्षण घरीच शिक्षक ठेवून झालं, पुढे लिंझच्या शाळेत. मुलगा अभ्यासात पुढे होता आणि पियानोही शिकत होता. त्याचे पियानोचे शिक्षक होते आन्टोन ब्रुकनर, जे पुढे मोठे संगीतकार म्हणून जगभर ओळखले गेले. ही शिकवणी फार काळ चालली नाही, पण पियानो बोल्ट्झमन यांना आयुष्यभर पुरला.

ज्या रात्री त्यांचा जन्म झाला ती कार्निव्हलचा उत्सव संपून ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होण्याच्या मधली रात्र होती. आपला स्वभाव एका क्षणी आनंदाच्या शिखरावर तर दुसऱ्या क्षणी खोल दरीत का जातो, याचं कारण ते गमतीने या रात्रीत शोधायचे. ही गंमत लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

लुडविग पंधरा वर्षांचा असताना वडील वारले. आईने आपल्याजवळचा पैसा मुलाच्या शिक्षणासाठी वापरला. १८६३ मध्ये तो व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाला.

एका शिक्षकाची भेट

व्हिएन्नात त्यांना योझेफ श्टेफान हे शिक्षक लाभले. गरम वस्तू किती ऊर्जा बाहेर टाकते याचा 'श्टेफान-बोल्ट्झमन नियम' आपण शिकवतो ना, त्यातले हे श्टेफान. त्यांनी या विद्यार्थ्याच्या हातात मॅक्सवेल यांचे लेख ठेवले. वायूतले सगळे रेणू एकाच वेगाने धावत नाहीत, काही हळू, काही जलद, आणि या वेगांची विभागणी गणिताने मांडता येते, हे मॅक्सवेल यांनी दाखवलं होतं. पण लेख इंग्रजीत होते आणि बोल्ट्झमन यांना इंग्रजी येत नव्हतं. मग श्टेफान यांनी काय केलं? लेखांबरोबर इंग्रजी व्याकरणाचं पुस्तकही दिलं!

शिक्षक मित्रांनो, मला हा प्रसंग फार आवडतो. भाषा येत नाही म्हणून त्यांनी लेख परत ठेवले नाहीत, आणि स्वतः सगळं भाषांतर करूनही दिलं नाही. विद्यार्थ्याला दार दाखवलं आणि किल्ली दिली. बोल्ट्झमन यांचं पुढचं सगळं काम मॅक्सवेल यांच्या त्या लेखांतून वाढत गेलं.

१८६६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १८६९ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते ग्राट्झ विद्यापीठात प्राध्यापक झाले. म्हणजे 'कुणी ओळखलंच नाही' हे पहिल्यापासूनच खरं नाही.

हेन्रिएट

ग्राट्झमध्ये त्यांची भेट हेन्रिएट फॉन आयगेन्टलर या तरुणीशी झाली. तिला गणित आणि भौतिकशास्त्राची शिक्षिका व्हायचं होतं. पण विद्यापीठाची दारं मुलींना बंद होती, नुसतं वर्गात बसून ऐकायलाही परवानगी मिळेना. बोल्ट्झमन यांनी तिला वरपर्यंत दाद मागायला सुचवलं. तिने मागितली आणि तिला परवानगी मिळाली. लग्न ठरल्यावर मात्र तिचं शिक्षण मागे पडलं, हेही सांगायला हवं. तो काळच तसा होता. १८७६ मध्ये त्यांचं लग्न झालं. त्यांना तीन मुली आणि दोन मुलगे झाले.

याच वर्षी बोल्ट्झमन दुसऱ्यांदा ग्राट्झला आले आणि तिथे चौदा वर्षं राहिले. ही त्यांची सर्वांत सुखाची वर्षं म्हणता येतील. शहराबाहेर घर, मुलंबाळं, पियानो आणि बर्फावरचं स्केटिंग. मुलांना ताजं दूध मिळावं म्हणून त्यांनी बाजारातून गाय विकत घेतली, स्वतः दोरीला धरून रस्त्याने घरी आणली, आणि मग दूध कसं काढायचं हे विचारायला प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले, असं सांगतात. आपल्याकडच्या मुलांना हा किस्सा सांगा, वर्ग हसून लोटपोट होतो. गाय घेतली तर विचारायचं गवळ्याला, प्राध्यापकाला कशाला!

मित्राची हरकत

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येऊ. चहाचा कप टेबलावर ठेवला की गार होतो. गार झालेला चहा आपोआप गरम झालेला कुणी पाहिला आहे का? नाही. उष्णता गरमकडून गारकडे जाते, उलट आपोआप जात नाही. हा एकमार्गी प्रवास मोजणाऱ्या राशीला एन्ट्रॉपी म्हणतात. १८७२ मध्ये बोल्ट्झमन यांनी दाखवलं की रेणूंच्या टकरींचा हिशेब मांडला तर वायू आपोआप समतोलाकडे का जातो ते समजतं.

यावर १८७६ मध्ये हरकत घेतली ती योहान लोश्मिट यांनी. हे कुणी शत्रू नव्हते. व्हिएन्नातले ज्येष्ठ सहकारी आणि जवळचे मित्र होते. हवेतले रेणू किती लहान असतील याचा पहिला चांगला अंदाज १८६५ मध्ये त्यांनीच बांधला होता. त्यांचा प्रश्न साधा होता. दोन रेणू आदळून दूर गेले, तर तीच घटना उलट क्रमानेही घडू शकते. गतीचे नियम तिला मनाई करत नाहीत. मग सगळ्या रेणूंचे वेग एकाच क्षणी उलटे केले तर वायू आल्या वाटेने परत जायला हवा. ज्या नियमांना पुढे-मागे कळत नाही, त्यांतून एकमार्गी प्रवास निघालाच कसा?

प्रश्न बिनतोड होता. बोल्ट्झमन रागावले नाहीत, विचार करत राहिले. आणि १८७७ मध्ये त्यांनी जे उत्तर दिलं ते त्यांचं सर्वांत मोठं काम ठरलं. परतीचा प्रवास अशक्य नाही, फक्त कल्पनेपलीकडे दुर्मीळ आहे, असं ते उत्तर होतं.

हे वर्गात दहा नाण्यांनी दाखवता येतं. दहा नाणी एकदम उधळली तर छापा-काट्याच्या एकूण १०२४ मांडण्या होऊ शकतात. दहाही छापे पडण्याची मांडणी फक्त एक. पाच छापे, पाच काटे पडण्याच्या मांडण्या २५२. म्हणून सरमिसळ वारंवार दिसते, सगळे छापे क्वचितच. शंभर नाणी घेतली तर सगळे छापे पडण्याची शक्यता एकावर तीस शून्यं मांडल्यावर जी संख्या येईल, तितक्यांत एक. आता नाण्यांच्या जागी एक लिटर हवेतले रेणू ठेवा. निसर्गाने उलट जायला बंदी केलेली नाही. उलट जाण्याच्या वाटाच इतक्या थोड्या आहेत की कुणाला त्या सापडत नाहीत.

म्हणजे एन्ट्रॉपी ही मांडण्यांच्या संख्येशी जोडलेली आहे. पण थेट संख्येशी नाही, तिच्या लॉगॅरिथमशी. का? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. दोन डबे शेजारी ठेवले तर त्यांच्या एन्ट्रॉपींची बेरीज होते, पण मांडण्यांचा गुणाकार होतो. एका डब्यात १० मांडण्या आणि दुसऱ्यात १०, तर मिळून १००. गुणाकाराची बेरीज करून देणारं साधन आपल्याकडे एकच आहे, लॉग. अकरावीत कंटाळून पाठ केलेला लॉगचा तक्ता इथे एकदम जिवंत होतो.

अणू आहेत की नाहीत?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रश्न खरोखर खुला होता. रसायनशास्त्रात अणू सोयीचे होते, पण ते खरे आहेत का? व्हिएन्नात एर्न्स्ट माख हे मोठे विचारवंत होते. ज्याचा अनुभव घेता येत नाही त्याला विज्ञानात जागा देऊ नये, ही त्यांची भूमिका, आणि अणू तर कुणी पाहिला नव्हता. दुसरे विल्हेल्म ओस्टवाल्ड. सगळ्या घटना ऊर्जेच्या भाषेत सांगता येतात, मग अणूंची गरजच काय, असं त्यांचं म्हणणं. १८९५ मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत या विषयावर बोल्ट्झमन आणि ओस्टवाल्ड यांच्यात जोरदार वाद झाला. तिथे हजर असलेल्या तरुणांपैकी अनेकांना बोल्ट्झमन यांची बाजू पटली.

आणि एक गोष्ट मी पूर्वी कधी सांगत नसे. ओस्टवाल्ड हे मतांनी विरोधक असले तरी माणूस म्हणून बोल्ट्झमन यांचे मित्रच होते. १९०० मध्ये बोल्ट्झमन व्हिएन्ना सोडून लाइप्झिगला गेले, ते ओस्टवाल्ड यांच्याच विद्यापीठात. मतभेद आणि मैत्री एका घरात नांदू शकतात, हे मुलांना याहून चांगलं कुठे दाखवता येईल?

विरोध होता, टीका कडवट होती आणि बोल्ट्झमन यांना ती लागायची, हे खरं. पण ते एकटे पडले होते हे खरं नाही. म्युनिक, बर्लिन, व्हिएन्ना, लाइप्झिग इथली विद्यापीठं त्यांना बोलावत होती. १८८८ मध्ये बर्लिनची अत्यंत मानाची जागा त्यांनी आधी स्वीकारली आणि मग नाकारली. पुढे त्या जागी माक्स प्लांक गेले.

'के' लिहिला कुणी?

आता एक गंमत. बोल्ट्झमन स्थिरांक बोल्ट्झमन यांनी कधी लिहिलाच नाही! त्यांच्या लेखांत कल्पना आहे, संबंध आहे, पण हा स्वतंत्र स्थिरांक आणि त्याची किंमत नाही. ते काम प्लांक यांनी केलं.

प्लांक सुरुवातीला बोल्ट्झमन यांच्या वाटेने जाणारे नव्हते. अणूंबद्दल त्यांनाही शंका होती. पण १९०० मध्ये तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रारणाचं कोडं सोडवताना सगळे उपाय थकले, तेव्हा त्यांनी बोल्ट्झमन यांची मांडण्या मोजण्याची पद्धत हाती घेतली. कोडं सुटलं. त्यातून दोन स्थिरांक बाहेर पडले. एकाला आज आपण प्लांकचा स्थिरांक म्हणतो, दुसरा हा 'के'. त्याची प्लांक यांनी काढलेली किंमत १.३४६ गुणिले १० चा उणे २३ वा घात होती. आजच्या किमतीपेक्षा जेमतेम अडीच टक्क्यांनी कमी! 'एस बरोबर के लॉग डब्ल्यू' या रूपातलं सूत्रही प्लांक यांनीच लिहिलं. यात एस म्हणजे एन्ट्रॉपी, डब्ल्यू म्हणजे मांडण्यांची संख्या. दुसऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा हा स्थिरांक आपण मांडला, हे प्लांक यांनी पुढे मोकळेपणाने नोंदवून ठेवलं आहे.

शिक्षक बोल्ट्झमन

१९०२ मध्ये बोल्ट्झमन लाइप्झिगहून व्हिएन्नाला परतले. त्यांच्या वर्गात लीझ माइटनर नावाची एक मुलगी बसत असे. पुढे अणुकेंद्राच्या विखंडनाचा अर्थ उलगडणाऱ्या शास्त्रज्ञ त्या याच. बोल्ट्झमन यांचे तास म्हणजे आपण ऐकलेलं सर्वांत सुंदर अध्यापन, अशी आठवण त्या म्हातारपणीही सांगत. शिकवताना ते स्वतःच इतके रंगून जायचे की मुलांना वाटायचं, एक नवं जग उघडतं आहे. हेन्रिएटला जिथे बसू देत नव्हते, तशाच वर्गात आता माइटनर बसली होती. पाउल एरेनफेस्ट हेही त्यांचेच विद्यार्थी. १९०३ पासून ते तत्त्वज्ञानावरही व्याख्यानं देऊ लागले, तेव्हा सुरुवातीला सभागृहात जागा पुरेना.

१९०५ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला शिकवायला गेले. परत येऊन त्यांनी त्या प्रवासाचं खुसखुशीत वर्णन लिहिलं. तिथल्या दारूबंदीमुळे वाइन मिळवताना झालेली फजिती त्यात आहे. वाचणाऱ्याला वाटावं, हा केवढा आनंदी माणूस!

शेवट, आणि तो कसा सांगायचा

पण ती जन्मरात्रीची गंमत आठवते ना? ती नुसती गंमत नव्हती. बोल्ट्झमन यांना मनाचा आजार होता. उत्साहाचे दिवस यायचे, मग खोल उदासीचे. १८८५ मध्ये आई गेली. १८८९ मध्ये थोरला मुलगा लुडविग अकरा वर्षांचा असताना आतड्याच्या आजाराने गेला. दमा होता, डोकेदुखी होती, नजर इतकी अधू झाली की वाचून दाखवायला माणूस ठेवावा लागला. लेखनिकाचं काम हेन्रिएट करायच्या. १९०६ मध्ये प्रकृतीमुळे त्यांचं शिकवणं थांबलं. त्या वर्षी ५ सप्टेंबरला, ट्रिएस्टजवळ समुद्रकाठच्या दुइनो गावी कुटुंबासह सुट्टीवर असताना, बोल्ट्झमन यांनी आपलं जीवन संपवलं. वय होतं ६२.

कुणी अणू मानले नाहीत म्हणून हे घडलं का? मला आता असं सांगणं चुकीचं वाटतं. त्यांना मानणारे पुष्कळ होते. आजार होता, आणि त्या काळी त्यावर आजच्यासारखे उपचार नव्हते. आपण जर मुलांना सांगितलं की जगाने ऐकलं नाही म्हणून थोर माणसाने जीव दिला, तर नकळत आपण त्या कृतीला अर्थ देतो, मोठेपणा देतो. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या मनात तोच अर्थ गेला होता. खरं सांगायचं तर ते असं : माणूस मोठा होता, काम बरोबर होतं, माणसं जवळ होती, तरी आजाराने त्याला ते दिसू दिलं नाही. पाय मोडला तर आपण डॉक्टरांकडे जातो, तसंच मनाचंही आहे. बारावीच्या वर्षात असं कुणी कोमेजलेलं दिसलं तर त्याच्याशी बोला, आणि केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून हे सगळं सांगितलं. उशिरा का होईना, माझी चूक कबूल केली. आम्ही बराच वेळ बोललो, मग त्याच्या घरच्यांशीही बोलणं झालं.

त्यानंतर काय झालं

पाण्यात परागकणांतले सूक्ष्म कण सतत थरथरत असतात. ही थरथर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांमुळे होते, याचं गणित आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलं. १९०८ पासून फ्रान्सच्या झां पेरँ यांनी प्रयोग करून ते पडताळलं. ओस्टवाल्ड यांनी अणू खरे असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. चूक कबूल करणं हेही विज्ञानच. आपल्या देशातही हा 'के' लवकरच कामाला लागला : मेघनाद साहा यांच्या १९२० च्या समीकरणात तो आहे, आणि १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी मांडण्या मोजण्याची जी नवी रीत दिली, तिचं मूळही बोल्ट्झमन यांच्या मोजणीत आहे.

व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत १९३३ साली त्यांच्या थडग्यावर स्मारक उभं राहिलं. वर त्यांचा अर्धपुतळा आणि त्याच्या माथ्यावर कोरलेलं ते छोटंसं सूत्र.

आणखी एक सन्मान तर आपल्या डोळ्यांदेखत झाला. पूर्वी केल्विन हे एकक पाण्यावरून ठरवत. बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र समतोलात राहतात ते तापमान २७३.१६ केल्विन, अशी व्याख्या होती. शास्त्रज्ञांनी वायूने भरलेल्या गोलसर भांड्यात ध्वनीचा वेग अत्यंत बारकाईने मोजून आणि इतर मार्गांनी 'के' ची किंमत पक्की केली. मग २० मे २०१९ पासून व्याख्या उलटी झाली. आता 'के' ची किंमत कायमची ठरलेली आहे आणि केल्विन तिच्यावरून ठरतो. म्हणजे ज्या माणसाचे रेणू खरे आहेत का अशी शंका घेतली जात होती, त्याच्या रेणूंच्या हिशेबावर आज जगातला प्रत्येक तापमापक उभा आहे.

वर्गात आणि घरी करून पाहा

पहिलं, मुलांना वायूचा सार्वत्रिक स्थिरांक ८.३१४ घेऊन त्याला ॲव्होगॅड्रो संख्येने, म्हणजे ६.०२२ गुणिले १० च्या २३ व्या घाताने भागायला सांगा. उत्तर काय येतं ते त्यांनाच पाहू द्या. रसायनाच्या पुस्तकातल्या दोन आकड्यांतून 'के' बाहेर पडला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दुसरं, प्रत्येकाला दहा नाणी द्या आणि वीस वेळा उधळायला लावा. सगळ्या वर्गाचे निकाल फळ्यावर एकत्र मांडा. पाच-पाचच्या आसपास ढीग जमतो. दहा छापे पडलेच कुणाचे, तर टाळ्या वाजवा!

पालकहो, तुम्ही हे घरी चहाच्या कपाशेजारी बसूनही सांगू शकता. कप गार का होतो, एवढाच प्रश्न विचारा आणि मूल काय म्हणतं ते ऐका.

आणि तिसरं. पुढच्या वेळी फळ्यावर 'के' लिहाल तेव्हा क्षणभर थांबा. व्याकरणाचं पुस्तक देणारा एक शिक्षक, अवघड प्रश्न विचारणारा एक मित्र आणि आधी शंका घेऊन नंतर त्या पद्धतीला मान देणारा एक शास्त्रज्ञ, इतक्या माणसांचे हात या एका अक्षराला लागले आहेत. बोल्ट्झमन एकटे नव्हते. आपल्या वर्गातही कुणी एकटं राहू नये, एवढं आपण पाहू शकतो.